गावातल्या दुकानदारासाठी जीएसटीची कंपोझिशन योजना: कोणाला परवडते, कागद कोणते, तारखा कोणत्या

जूनमध्ये पाऊस पडला की गावातलं दुकान सकाळी सातपासून भरलेलं असतं. त्याच महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-१, आणि २० तारखेला कर भरायचं जीएसटीआर-३बी. नियमित पद्धतीत दर महिन्याचे हे दोन धरले तर वर्षाचे चोवीस होतात. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदाराने विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायच्या सोप्या योजनेत, वर्षाला पाचच भरावे लागतात. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी दुकानदारांचे हिशेब लिहितो. आपला जीएसटी क्रमांक नियमित आहे की कंपोझिशनचा, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं. कोणीतरी फॉर्म भरून दिला, त्यात जे टिकमार्क केलं ते तसंच चालू राहिलं. "भाऊ, आता दुकान चालवू का कागदं भरत बसू?" हा प्रश्न मला दर पेरणीला ऐकू येतो, आणि तो खरा आहे.

आधी पाहा, क्रमांक लागतो का

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तरच नोंदणी सक्तीची आहे. सलून, मोबाईल दुरुस्ती, मंडप-बिछायत अशी सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. उलाढाल मोजताना एक चूक नेहमी होते. करमाफ मालाची विक्रीही या बेरजेत धरायची असते. कृषी केंद्रात पेरणीच्या बियाण्यावर कर नाही म्हणून ती विक्री सोडून दिली, असं चालत नाही. एकाच पॅनवर दोन गावांत दोन दुकानं असतील तर दोन्हींची बेरीज. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला कापूस, तूर विकली तर त्यासाठी मात्र नोंदणी लागत नाही.

वीटभट्टीवाल्यांचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२२ पासून मातीच्या विटा, फ्लाय अॅश विटा आणि कौलं बनवणाऱ्यांना ४० लाखांची सवलत नाही, २० लाखांनाच नोंदणी, आणि त्यांना कंपोझिशनही मिळत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे राखेच्या विटांचे छोटे कारखाने बरेच आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. आइस्क्रीम, पानमसाला, तंबाखू आणि सोड्याची शीतपेयं बनवणाऱ्यांनाही ही योजना बंद आहे.

कोण पात्र

मागच्या आर्थिक वर्षात उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेला व्यापारी, कारखानदार किंवा दारू न देणारं हॉटेल. दर असे: व्यापारी आणि कारखानदार १ टक्का, हॉटेल ५ टक्के. व्यापाऱ्याला फक्त करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा असतो, कारखानदाराला मात्र सगळ्या उलाढालीवर. निव्वळ सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची सोय आहे. पंखे विकता-विकता मोटार वाइंडिंग करणाऱ्यालाही अडचण नाही, उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यात जे जास्त तेवढी सेवा चालते.

दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. धारणीहून बुऱ्हाणपूरला, गोंदियाहून छत्तीसगडात, राजुऱ्याहून तेलंगणात आपल्या गाडीने माल पोचवणाऱ्याला ही योजना चालत नाही. दुसऱ्या राज्यातून माल विकत आणायला मात्र बंदी नाही. हैदराबादहून माल आणतो म्हणून आपण अपात्र, असं समजून बसलेले दुकानदार मला भेटलेत.

परवडते का, हे आधी कागदावर मांडा

कंपोझिशन म्हणजे कमी कर, असं सरसकट सांगितलं जातं. ते नेहमी खरं नसतं. हा १ टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

५ टक्के कराची वस्तू घ्या. खरेदी १०० रुपये अधिक कर ५. नफा ६ रुपये धरून विक्री १०६ अधिक कर ५.३०, म्हणजे १११.३०. नियमित पद्धतीत सरकारला द्यायचे फक्त ३० पैसे. कंपोझिशनमध्ये तीच वस्तू त्याच भावाने विकली तर १ टक्क्याचे १ रुपया ११ पैसे. वर्षाला ५० लाखांची अशी विक्री असेल तर एकीकडे साधारण साडेतेरा हजार, दुसरीकडे ५० हजार. मधल्या साडेछत्तीस हजारांशेजारी तुमचा हिशेबनीस वर्षाला किती घेतो तो आकडा ठेवा.

आता १८ टक्क्यांची वस्तू. खरेदी १०० अधिक १८, विक्री ११५ अधिक २०.७०. नियमितमध्ये २.७० भरायचे, कंपोझिशनमध्ये १.३६. इथे कागदही कमी, करही कमी. म्हणून हार्डवेअर, इलेक्ट्रिकल अशा दुकानांना कंपोझिशन बहुधा बसते आणि कमी नफ्याच्या किराण्याला ती महाग पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून किराण्यातल्या बऱ्याच वस्तू ५ टक्क्यांत आल्या आहेत, त्यामुळे जुना हिशेब एकदा पुन्हा करून पाहा.

आणखी एक गोष्ट. तुमचं गिऱ्हाईक कोण? ग्रामपंचायतीची कामं घेणारा ठेकेदार सिमेंट-लोखंड नेत असेल तर त्याला कर दाखवलेलं बिल हवं असतं, कारण त्याला वजावट घ्यायची असते. तुम्ही ते देऊ शकला नाहीत तर तो तालुक्याला जाईल.

ज्यांना कंपोझिशन परवडत नाही त्यांच्यासाठी तिमाही विवरणपत्रांची क्यूआरएमपी सोय आहे, ५ कोटींपर्यंत. तिमाही संपल्यावर १३ तारखेला जीएसटीआर-१, महाराष्ट्रात २२ तारखेला ३बी, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. चोवीसाचे आठ होतात.

अर्ज आणि कागद

नवीन नोंदणी करताना त्याच अर्जात कंपोझिशनचा पर्याय निवडायचा. आधीपासून नियमित असाल तर जीएसटी पोर्टलवर सीएमपी-०२ हा अर्ज नवीन आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत भरायचा. वर्षाच्या मध्येच ठरवलं तर पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं. एकदा आत आलात की दरवर्षी अर्ज नको. आत येताना दुकानात पडून असलेल्या मालावर आधी घेतलेली वजावट परत करावी लागते. त्यासाठी आयटीसी-०३ हा फॉर्म, वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. म्हणून मार्चअखेर मालाची मोजणी नीट करून ठेवा.

नोंदणीला शुल्क नाही. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. बँक खात्याची माहिती नोंदणीनंतर ३० दिवसांत देता येते, पण पहिलं जीएसटीआर-१ त्याआधी भरायचं असेल तर त्याच्याही आधी द्यावी लागते. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का आणि आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे का, हे आधी तपासा. अर्ज अडतो तो बहुतेक इथेच.

गावात खरी अडचण जागेच्या पुराव्याची. दुकान वडिलांच्या नावावर, वीजबिल आजोबांच्या नावावर, आणि भाडेकरार कोणी कधी केलेलाच नसतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेप्रमाणे स्वतःच्या जागेसाठी घरपट्टीची पावती किंवा वीजबिल यातलं एकच पुरतं. जागा घरच्याच माणसाची असेल तर साध्या कागदावर संमतीपत्र, त्या माणसाचं ओळखपत्र आणि जागेचा एक पुरावा. जागा भाड्याची असून करार नसेल तर तसं शपथपत्र आणि ताबा दाखवणारा कागद, जसं तुमच्या नावाचं वीजबिल. अर्जात त्रुटी निघाली तर पोर्टलवर नोटीस येते आणि ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ही मुदत गेली तर अर्ज नामंजूर होऊ शकतो, म्हणून अर्ज टाकल्यावर दर दोन दिवसांनी पोर्टल उघडून पाहा.

मग वर्षभर काय

दुकानाच्या पाटीवर आणि प्रत्येक बिलाच्या माथ्यावर आपण कंपोझिशनचे करदाते असल्याचं लिहायचं. बिलावर कर वसूल करता येत नाही हेही असायला हवं. बिलात कर वेगळा दाखवायचा नाही.

दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा तिमाहीचा फॉर्म भरून कर जमा करायचा: १८ जुलै, १८ ऑक्टोबर, १८ जानेवारी, १८ एप्रिल. इथे आपल्या भागाची खरी ओढाताण आहे. कर विक्रीवर लागतो, वसुलीवर नाही. जून-जुलैत उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे सोयाबीन-कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे येतात, पण त्या मालाचा कर जुलै-ऑक्टोबरमध्येच भरावा लागतो. उशीर झाला तर १८ टक्के दराने व्याज. माझ्याकडच्या दुकानदारांना मी रोजच्या नगदी गल्ल्यातूनच शंभराला एक रुपया वेगळ्या डब्यात टाकायला सांगतो, उधारीची विक्रीही त्यात धरून.

विक्री शून्य असली तरी सीएमपी-०८ भरावंच लागतं. त्यासाठी पोर्टलही लागत नाही. नोंदवलेल्या मोबाईलवरून १४४०९ वर एसएमएस जातो: इंग्रजी अक्षरांत निल, सी८, जीएसटी क्रमांक आणि तिमाहीचा शेवटचा महिना व वर्ष. परत आलेला कोड पाठवला की झालं. नेट नसलेल्या गावात ही सोय फार कामाची आहे.

वर्षाचं जीएसटीआर-४ आता ३० जूनपर्यंत भरायचं. त्यात एक धोका आहे. तक्ता ६ मध्ये वर्षाची विक्री भरावी लागते. तो कोरा ठेवला तर चारही तिमाहींत भरलेला कर पोर्टल तुमच्याकडे जादा जमा धरतं, आणि पुढच्या वर्षाचा कर त्यातून परस्पर वळता होतो. मग चुकवलेला कर मागणारी नोटीस येते. हे विवरणपत्र एकदा भरल्यावर दुरुस्त होत नाही. त्यामुळे 'सबमिट' करण्याआधी तक्ता ६ स्वतः डोळ्यांनी पाहा, ते काम दुसऱ्यावर सोडू नका. उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये, जास्तीत जास्त २,०००. शून्य विवरणपत्राला ५०० पर्यंत.

उलाढाल दीड कोटी ओलांडली तर ७ दिवसांत सीएमपी-०४ भरून योजनेतून बाहेर पडायचं.

आणि ज्यांनी बँकेच्या कर्जासाठी किंवा कंपनीच्या माणसाने सांगितलं म्हणून क्रमांक घेतला, पण उलाढाल ४० लाखांच्या आतच आहे, त्यांना तो रद्द करता येतो. अर्ज आरईजी-१६. रद्द झाल्यानंतर ३ महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायला विसरू नका. कंपोझिशनवाल्यांना ते लागत नाही. दुकान बंद करून क्रमांक तसाच सोडून दिला तर विवरणपत्रांचं शुल्क मागे साचत राहतं. आधीची थकलेली विवरणपत्रं आधी भरा, मगच रद्द करायचा अर्ज टाका. काही अडलं तर पोर्टलचा मदत क्रमांक १८००-१०३-४७८६ आहे, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.