बुजवलेली प्रत्येक खिडकी कर चुकवण्यासाठी नसते

इंग्लंडमधल्या ग्रामीण हवेल्यांच्या फोटोंसोबत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: भिंतीत बुजवलेली खिडकी दिसली की समजा, खिडकी-कर (घराच्या खिडक्या मोजून घेतला जाणारा कर) चुकवला.

कर खरा होता, १६९६ ते १८५१. त्यापायी काहींनी खिडक्या बुजवल्या हेही खरं, म्हणून हे सहज पटतं. पण अठराव्या शतकात अनेक जुन्या घरांना नवा, दोन्ही बाजूंनी सारखा दर्शनी भाग दिला गेला. बाहेर खिडक्यांची ओळ अखंड हवी आणि आत नेमकं तिथेच धुराडं किंवा आडवी भिंत, अशी अडचण यायची. मग मुळातच खोटी खिडकी, म्हणजे चौकटीएवढा उथळ कोनाडा, बांधत.

तपासताना कडेचा सांधा जवळून पाहा. कोनाड्यातले विटांचे थर बाजूच्या भिंतीत गुंतले असतील, तर खिडकी बहुधा पहिल्यापासून बंदच. सरळ उभा सांधा, वेगळ्या रंगाच्या विटा किंवा चुना दिसला, तर ती नंतर बुजवलेली. वर गिलावा असेल तर यातलं काहीच कळत नाही. तेव्हा आतून त्या जागी शेकोटी आहे का ते बघावं.

नंतर बुजवलेली निघाली, तरी कारण करच असं ठरत नाही. जिना हलवला, खोल्यांची मांडणी बदलली, तरी खिडक्या बंद होत. आणि घरच १८५१ नंतरचं असेल, तर कराचा संबंधच नाही.