पावाच्या मण्यांचा अबॅकस

डॉ. एडिथ बोन जन्माने हंगेरियन, नागरिकत्वाने ब्रिटिश आणि शिक्षणाने वैद्यक होत्या. अनेक भाषा येत असल्याने त्या भाषांतरेही करीत. १९४९ साली बुडापेस्टहून परत निघालेल्या असताना हंगेरीच्या गुप्त पोलिसांनी त्यांना विमानतळावरच ताब्यात घेतले आणि त्यांच्यावर ब्रिटनसाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवला. तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. पुढची सात वर्षे त्या एकांतकोठडीत होत्या आणि १९५६ च्या उठावात त्यांची सुटका झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी या सात वर्षांची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तुरुंगातल्या यातनांचे वर्णन वाचायला मिळेल या अपेक्षेने हे पुस्तक उघडणाऱ्याला त्यात सर्वाधिक आढळतो तो त्यांचा कामाचा दिनक्रम. लिहिण्या-वाचण्याचे कोणतेही साधन नसताना बोन यांनी जेवणातला पाव मळून त्याचे मणी केले, त्यांचा अबॅकस बनवला आणि आपल्याला किती इंग्रजी शब्द येतात याची मोजदाद सुरू केली. ती सत्तावीस हजारांच्या पुढे गेली. मग इतर भाषांची पाळी आली. पावाचीच हजारो अक्षरे घडवून त्यांनी कविता जुळवल्या, आणि पूर्वी पाहिलेल्या शहरांमधून, एकेक रस्ता आणि एकेक वळण आठवत, त्या मनाने फिरून आल्या.

अशा प्रसंगी आपण मनोधैर्य हा शब्द वापरतो आणि थांबतो. शब्द खोटा नाही, पण त्यातून काहीच उलगडत नाही. निर्जन कोठडीत शब्द मोजल्याने मेंदूचे नेमके काय राखले जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात योगायोगाने बोन यांच्या अटकेच्या वर्षाशी आणि शहराशीच जोडलेली आहे. १९४९ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टमध्ये हंगेरीतील कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंड्सेंटी यांच्यावर खटला चालला. त्यांनी न्यायालयात दिलेल्या कबुलीजबाबाने पाश्चात्त्य देश हादरले, कारण कैदेत माणसाच्या मनाचे असे काय केले जाते की तो आपल्याच विरुद्ध बोलू लागतो, हे कोणालाच कळत नव्हते. त्या चिंतेतून कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला.

प्रयोगाची मांडणी साधी होती. विद्यार्थ्यांनी एका छोट्या खोलीत मऊ गादीवर पडून राहायचे आणि त्याबद्दल दिवसाला वीस डॉलर घ्यायचे. डोळ्यांवर धूसर उजेड आत येईल पण आकृती दिसणार नाही असा चष्मा, हातांत मोजे आणि कोपरापासून बोटांपर्यंत पुठ्ठ्याच्या नळ्या, डोक्याभोवती फोमची उशी आणि कानांवर यंत्राची एकसुरी घरघर, एवढाच सरंजाम होता. त्या काळी ही रक्कम विद्यार्थ्याला मोठी होती आणि खाण्यापिण्याची सोय होती, तरीही बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे तिथे राहवले नाही. आधी विचारांची सलगता तुटली, मग चिडचिड सुरू झाली आणि त्यानंतर भास होऊ लागले. एकाला पाठीवर पोती घेऊन बर्फातून शिस्तीने चालणाऱ्या खारींची रांग दिसली, तर दुसऱ्याला काळ्या टोप्या घातलेली छोटी पिवळी माणसे. जुन्या शेअरबाजाराच्या बातम्यांची ध्वनिमुद्रिका लावण्याची परवानगी होती, आणि एरवी कोणीही ऐकणार नाही असा तो मजकूर विद्यार्थी पुन्हा पुन्हा लावायला सांगत.

हे भास वेडाचे नव्हते, ते मेंदूच्या नेहमीच्या कामाचाच भाग होते, असे आज मानले जाते. मेंदू डोळ्या-कानांकडून येणारी माहिती नुसती साठवून घेत नाही. पुढे काय दिसेल, काय ऐकू येईल, याचे अंदाज तो सतत बांधतो आणि आलेल्या माहितीशी ते ताडून दुरुस्त करतो. बाहेरची माहिती थांबली म्हणजे अंदाज बांधणे थांबत नाही, थांबते ती दुरुस्ती. उतारवयात दृष्टी गेलेल्या काही निरोगी माणसांनाही चेहरे, नक्षी आणि मिरवणुका दिसतात; अठराव्या शतकात स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत याची नोंद केली आणि तेव्हापासून हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकांतातला धोका म्हणजे मनाचे रिकामपण, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मन रिकामे राहतच नाही. त्याला चुकलास असे सांगणारे काही उरत नाही, हा धोका आहे.

काळाच्या बाबतीत ही चूक मोजून दाखवता येते. १९६२ च्या जुलैमध्ये मिशेल सिफ्र हे तेवीस वर्षांचे फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधील स्कारासॉन गुहेत घड्याळाशिवाय उतरले. झोपताना, उठल्यावर आणि जेवताना ते दूरध्वनीवरून वर कळवत, पण वरचे सहकारी त्यांना वेळ कधीच सांगत नसत. १४ सप्टेंबरला मुक्काम संपल्याचे सांगण्यात आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. सेकंदाला एक या गतीने १ ते १२० अंक मोजायला त्यांना सुमारे पाच मिनिटे लागत. शरीराचे जैविक घड्याळ मात्र फारसे बिघडले नव्हते, त्यांचे झोप आणि जागेपणाचे चक्र साडेचोवीस तासांच्या आसपास चालू राहिले होते. म्हणजे शरीराला दिवस कळत होता, हरवला होता तो मनाने ठेवलेला हिशेब. त्याचे कारण मला पटण्याजोगे वाटते: काळाची लांबी आपण मागे वळून आठवणींच्या खुणांवरून ठरवतो, आणि एकसारख्या दिवसांना खुणाच नसतात.

अमेरिकन ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांनी १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकातील बर्फात गाडलेल्या एका खोपटात महिनोन् महिने एकट्याने काढले, तेव्हा त्यांनी या खुणा स्वतः रोवल्या. अमुक वेळ बोगदा खणायला, अमुक वेळ डबे रचायला, अशी दिवसाची वाटणी करून काम अर्धे राहिले तरी ठरल्या वेळी ते सोडून पुढचे हाती घ्यायचे, हा त्यांचा नियम होता. या नियमाविना दिवस विस्कटून गेले असते, असे त्यांनी आठवणींत लिहिले आहे. तरीही मे महिन्याच्या अखेरीस ते कोसळले, कारण शेगडीतून आणि इंजिनातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली होती. ऑगस्टमध्ये तीन सहकारी पोहोचले म्हणून ते वाचले. शिस्तीचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरू नये.

कादंबरीकाराला हे सारे प्रयोगशाळेच्या आधीच दिसले होते. ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइग यांनी ब्राझीलमधील निर्वासित आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या बुद्धिबळावरील कथेत नाझींनी व्हिएन्नातल्या हॉटेलच्या खोलीत कोंडलेल्या डॉ. बी. यांच्या हाती दीडशे डावांचे एक पुस्तक लागते. ते डाव मनात खेळत असेपर्यंत त्यांचे मन तल्लख होत जाते. डाव पाठ होतात, नवे काही उरत नाही, आणि मग ते स्वतःविरुद्धच खेळू लागतात. पांढरा आणि काळा दोन्ही आपणच झाल्यावर त्यांचे मन दुभंगते. खेळ तोच, सोंगट्या त्याच, मग औषधाचे विष का झाले? पुस्तकातला डाव दुसऱ्या कोणी खेळलेला होता, तो डॉ. बी. यांच्या इच्छेप्रमाणे वाकत नव्हता; नंतरच्या डावांत त्यांना अडवणारे बाहेरचे कोणी उरले नाही. बोन यांची शब्दगणना या कसोटीला उतरते, कारण शब्द आठवतो किंवा आठवत नाही, आणि मण्यांची बेरीज आपल्या मर्जीने बदलत नाही.

मराठी वाचकाला इथे अंदमानची आठवण होणे साहजिक आहे. सेल्युलर जेलमध्ये कागद मिळत नसताना सावरकरांनी ‘कमला’ हे काव्य भिंतीवर कोरत आणि पाठ करीत रचले. छंद हाही मनाला बाहेरून अडवणाराच आहे. मात्रा चुकली की ओळ अडखळते, आणि अडखळलेली ओळ विसरही पडू देत नाही. मात्र त्याच तुरुंगात इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली गळफास घेतला आणि उल्लासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. आठवणी लिहिल्या जातात त्या बाहेर आलेल्यांकडून. जे खचले ते दुबळे होते असा निष्कर्ष त्यावरून काढणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. शरीरावर होणारा परिणाम निर्धाराला विचारून होत नाही. अंटार्क्टिकातील जर्मन तळावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा स्मृतीशी निगडित डेंटेट गायरस हा भाग सरासरी सुमारे सात टक्क्यांनी आकसलेला आढळला, आणि ही सारी निवडून, तयारीनिशी गेलेली माणसे होती.

एक भूक मात्र अशी आहे की तिला कोणताही मानसिक व्यवसाय पुरा पडत नाही. २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी चाळीस जणांना एकदा दहा तास माणसांपासून आणि एकदा दहा तास अन्नापासून दूर ठेवले. एकटेपणानंतर माणसांच्या गप्पागोष्टींची छायाचित्रे पाहताना मध्यमेंदूतील जो भाग उद्दीपित झाला, तोच भाग उपासानंतर जेवणाची छायाचित्रे पाहतानाही उद्दीपित झाला होता. सिफ्र यांना १९७२ साली टेक्सासमधील गुहेत हे फार क्लेशकारक रीतीने कळले. महिनोन् महिने एकटे राहिल्यावर सोबतीसाठी त्यांनी एका उंदराला पकडायचे ठरवले, आणि त्याच्यावर भांडे झाकताना त्याची कड लागून तो मेला. त्या दिवशी आपल्याला दुःखाने घेरले असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

बोन यांनीही ही भूक ओळखली होती. सत्तावीस हजार शब्द मोजून झाले तरी त्यांचे लक्ष कोठडीच्या जाड लाकडी दारातल्या एका खिळ्याकडे लागलेले होते. टॉवेलाचे धागे काढून त्यांनी त्यांची दोरी वळली, त्या दोरीने तो खिळा उपसून काढला आणि त्याच खिळ्याने दाराला एक बारीक छिद्र पाडले. पहारेकरी त्यांच्यावर नजर ठेवत होते, त्याच दारातून आता त्याही बाहेर येणारी-जाणारी माणसे पाहू शकत होत्या.