चौकोनावर गोल: विजापूरच्या घुमटाची पूर्वपीठिका

विजापूरला गेलेला माणूस गोलघुमटाच्या सज्जात टाळी वाजवतो, प्रतिध्वनी मोजतो आणि खाली उतरतो. सज्जाखालच्या कोपऱ्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. या वास्तूचे बळ तिथे आहे. दालन चौकोनी, घुमटाचा तळ गोल; मग कोपऱ्यांवर जो भाग अधांतरी राहतो तिथे भार पेलायचा कसा? इस्लामी जगातले गवंडी शतकानुशतके या प्रश्नाशी झुंजले.

सुरुवातीच्या मशिदींना हा पेच पडलाच नव्हता. मदिनेतली पैगंबरांची मशीद खजुराच्या खोडांवर छप्पर टाकून उभी होती. मक्केकडे तोंड करून रांगेने उभे राहता येईल अशी ऐसपैस सपाट जागा, एवढीच तिची गरज. जेरुसलेमच्या कुब्बतुस्सख्राला, म्हणजे खडकावर उभारलेल्या घुमटाच्या वास्तूला (इ.स. ६९१-९२), घुमट आहे, पण तो लाकडी आणि खांबांच्या वर्तुळावरच बसवलेला.

उत्तर सापडले इराणात. तिथे लांब तुळयांचे लाकूड दुर्मीळ, त्यामुळे छप्परही कमानीसारखे वळवूनच घालावे लागे. फिरोजाबादला तिसऱ्या शतकातल्या सासानी राजा अर्दशीरच्या महालात, म्हणजे इस्लामच्याही आधी, चौकोनी दालनाच्या कोपऱ्याकोपऱ्यात तिरकी कमान टाकलेली दिसते. चौकोनाचा अष्टकोन झाला की घुमट बसायला सोपा. इस्फहानच्या जामा मशिदीत ११व्या शतकात हीच कोपऱ्यातली कमान लहान लहान कमानींत विभागली गेली. मुकर्नस, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे लहान कोनाड्यांचे नक्षीकाम, अशा कोपऱ्यांत फार सुंदर खुलते.

भारतात ही विद्या आली तेव्हा इथल्या कारागिरांकडे स्वतःचे पक्के तंत्र होते. हेमाडपंती देवळाच्या मंडपात मान वर करून पाहा: दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत छत मिटवलेले असते. दिल्लीत कुतुबमिनारापाशी ११९९च्या सुमारास मशिदीपुढे कमानी उभ्या राहिल्या, त्यांचा आकार परका आहे, पण बांधणी हीच, आडव्या थरांची. पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात अशी खरी कमान आणि तिच्यावरचा घुमट त्याच परिसरातल्या १३११च्या अलाई दरवाजात पूर्ण आत्मविश्वासाने दिसतो. मधली शंभरएक वर्षे मला सगळ्यांत मोलाची वाटतात. दोन परंपरांचे हात एकाच दगडावर पडलेले त्यांत दिसतात.

दख्खनने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. विजापूरच्या जामा मशिदीत, पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर घुमट चढवला गेला. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते त्या मुहम्मद आदिलशहाच्या कबरीसाठी, म्हणजेच गोलघुमटासाठी, तीच रचना प्रचंड प्रमाणात उभारली गेली. दालनाची आतली बाजू सुमारे ४१ मीटर, घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवल्यावर जशी चांदणी होते, तशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात. त्यांच्या मधले वक्र भाग आत झुकतात आणि चौकोन अलगद वर्तुळाला जाऊन मिळतो. घुमट आपल्या वजनाने बाहेर फाकू पाहतो; आत झुकलेल्या या दगडी राशीचा भार त्याला आत ओढून धरतो. प्रतिध्वनीचा तो सज्जाही याच राशीच्या माथ्यावर आहे.

१६५६ साली मुहम्मद आदिलशहा वारला. भिंतींवरची सजावट अपुरी राहिली, त्यामुळे आज तिथे बांधणीच उघडी दिसते.