पन्नाशीत उमगलेल्या ४९ वर्षांच्या चुका

चिनी भाषेत पन्नाशीला एक जुने, ग्रांथिक नाव आहे: चुका उमगण्याचे वय. हे नाव ज्याच्यामुळे पडले तो छ्यू बोयू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात वेइ नावाच्या लहानशा राज्यात मंत्री होता.

चुकांचे प्रतीक व्हावा असा हा माणूस मुळीच नव्हता. हान राजघराण्याच्या काळातल्या लिऊ श्यांग या विद्वानाने थोर स्त्रियांच्या चरित्रसंग्रहात त्याची एक गोष्ट दिली आहे. वेइचा राजा लिंग आणि राणी रात्री बसले असताना बाहेर रथाचा खडखडाट ऐकू आला. राजवाड्याच्या दाराशी तो थांबला आणि दार मागे पडल्यावर पुन्हा सुरू झाला. राणी म्हणाली, हा छ्यू बोयूच. राजद्वारापुढे रथातून उतरायची रीत अंधारात, कोणी बघत नसताना, दुसरा कोण पाळणार? राजाने चौकशी केली, तर खरेच तोच. पण राणीची फिरकी घ्यायला राजा म्हणाला, ‘तो नव्हता.’ राणीने लगेच प्याला भरून त्याचे अभिनंदन केले: म्हणजे आपल्या राज्यात असे दोन मंत्री आहेत तर!

कन्फ्यूशियसशी छ्यू बोयूचा स्नेह होता. ‘लुन्यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहामध्ये त्याचा एक निरोप्या कन्फ्यूशियसकडे येतो. ‘तुमचे धनी सध्या काय करतात?’ या प्रश्नावर तो सांगतो, ‘आपल्या चुका कमी कराव्यात असे त्यांना वाटते, पण अजून जमलेले नाही.’ तो गेल्यावर कन्फ्यूशियस खूश होऊन म्हणतो, ‘निरोप्या असावा तर असा!’

४९ वर्षांचा हिशेब येतो तो बऱ्याच नंतर, ‘हुआईनानझी’ या ग्रंथात. हुआईनानचा राजपुत्र लिऊ आन याने तो इ.स.पू. १३९ मध्ये सम्राट वू याला सादर केला. पन्नाशीच्या छ्यू बोयूला मागची ४९ वर्षे चुकीची ठरली, असे तिथे म्हटले आहे. पण ही काही त्याच्या नम्रतेची स्तुती नाही. मुद्दा व्यवहाराचा आहे: पुढे चालणारा खड्ड्यात पडतो, मागचा ते बघून सावध होतो. पहिल्याला कळणे अवघड, मागाहून येणाऱ्याला सोपे. तेव्हा पुढे धावण्याची घाई कशाला? आत्मपरीक्षणाचा धडा म्हणून लोकांनी पुढे तेवढे एकच वाक्य उचलले आणि खड्डा मागे राहिला.

‘झुआंगझी’ या ग्रंथातला छ्यू बोयू साठीचा आहे आणि साठ वेळा बदललेला आहे. आपल्याकडे साठीला बुद्धी नाठी म्हणतात. तिथे शंका त्याहून तिखट आहे. आज जे बरोबर वाटते, तेच मागच्या ५९ वर्षांत चूक ठरलेले नसेल कशावरून? आणि हेच वाक्य, जवळजवळ जसेच्या तसे, त्याच ग्रंथात दुसरीकडे कन्फ्यूशियसच्या नावावर आहे. त्यामुळे आकड्यांपेक्षा त्या निरोप्याच्या उत्तरावर माझा अधिक भरवसा आहे.