नामाझू माशाच्या तोंडची वाक्यं कशी वाचतात?

११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एडो, म्हणजे आजचं टोकियो, भूकंपाने हादरलं. जमिनीखालचा अजस्र नामाझू मासा वळवळला की धरणी हलते, अशी जपानी लोकसमजूत. लगोलग या माशाची व्यंगचित्रं विकायला आली. सरकारी परवान्याविना छापलेली, म्हणून प्रकाशकाचं नाव बहुधा गायबच. पडलेली घरं पुन्हा बांधायची असल्याने सुतार-गवंड्यांची चांदी झाली होती. चित्रांत ते माशाशी सलगी करताना दिसतात. एवढं बघूनच कळतं. खरा टोला मात्र भोवतीच्या मजकुरात असतो, आणि तो आज बहुतेक जपानी माणसांनाही वाचता येत नाही.

ही कुझुशिजी, धावती लिपी. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्दांमध्ये जागा नाही. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. त्यात एकाच उच्चाराची अनेक अक्षरं. १९०० साली शाळांसाठी एका उच्चाराला एकच 'काना' (जपानी उच्चारदर्शक) अक्षर ठरलं, तेव्हापासून बाकीची मागे पडली.

वाचन उजवीकडून, वरून खाली. मजकूर माणसांच्या डोक्यांना वळसे घालतो, म्हणून छायाप्रतीवर आधी ओळींना क्रमांक द्यावेत. मग 'नो', 'नि', 'ते' ही सतत येणारी अक्षरं हेरावीत. वाक्याचे सांधे तिथे सापडतात. 'शि' म्हणजे कधी नुसती लांब उभी रेघ. 'कु' ताणल्यासारखं चिन्ह दिसलं, तर आधीची अक्षरं पुन्हा म्हणायची. जे लागत नाही तिथे रिकामा चौकोन काढावा.

खरी मेख पुढेच आहे. 'त'चा 'द' करणाऱ्या दोन बारीक रेघा अनेकदा दिलेल्याच नसतात. कागदावर 'ताइकु' दिसतं आणि अर्थ जुळत नाही. शेजारच्या माणसाच्या हातात करवत दिसली की 'दाइकु' लागतो, म्हणजे सुतार. तसाच 'चिशिन' हा 'जिशिन', म्हणजे भूकंप, आणि 'नामात्सु' हा खुद्द नामाझू. पण चित्रावरून शब्द सुचला तरी प्रत्येक फटकारा त्याच्याशी ताडून पाहायलाच हवा. या चित्रांत श्लेष भरपूर असतात आणि घाईत नेमका दुसरा अर्थ निसटतो.

हे हस्ताक्षर लाकडात कोरून छापलेलं आहे. ठसा झिजला की नाजूक रेघ तुटते आणि एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसू लागतं. अशा वेळी त्याच चित्राची आधीची, ठळक प्रत शोधावी. २०२१ साली आलेलं 'मिवो' हे मोफत मोबाइल अॅप फोटोतल्या अक्षरांवर आजची अक्षरं मांडून दाखवतं. सुरुवातीला त्याचा मोठा आधार होतो. शब्द कुठे तोडायचा आणि 'त' की 'द', हे मात्र वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.