सिगुर्ड म्हणजेच झीगफ्रीड का? हिरो एक, नावं दोन

युरोपियन नावांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या चाळल्या की सिगुर्डपुढे हमखास लिहिलेलं असतं, "झीगफ्रीडचं नॉर्स रूप". म्हणजे आपल्याकडे विठ्ठल आणि विठोबा, तसं काहीतरी. असं वाटणं साहजिक आहे, कारण ड्रॅगन मारणारा हिरो दोन्हीकडे एकच आहे, नॉर्समधे, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, आइसलँडमधे लिहून ठेवलेल्या जुन्या काव्यांत आणि सागांमधे (गद्य वीरकथांमधे) तो सिगुर्ड, आणि साधारण १२०० च्या सुमाराला जर्मनमधे रचलेल्या निबेलुंगनलीड या महाकाव्यात तो झीगफ्रीड. पण हिरो एक आहे म्हणून नाव एक होत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

जुनी जर्मानिक (म्हणजे जर्मन, इंग्लिश, नॉर्स या भाषाकुळातली) नावं बहुतेक दोन तुकडे जोडून केलेली असतात. यात पहिला तुकडा सेम, सिग म्हणजे विजय, आजच्या जर्मनमधेही विजयाला झीगच म्हणतात. आणि हा शब्द आपल्याला वाटतो तितका लांबचा नाहीये, संस्कृतमधलं सहस् म्हणजे बळ आणि त्यावरून आलेलं आपलं साहस, ही याच मूळ धातूची मंडळी. आता दुसरा तुकडा बघा. सिगुर्ड मुळात सिग अधिक वर्ड, वर्ड म्हणजे राखणदार, वॉर्डन शब्दातला वॉर्ड तोच, बोलता बोलता त्यातला व विरघळला आणि उर्ड उरलं. झीगफ्रीडमधलं फ्रीड म्हणजे शांतता, जर्मनमधे आजही फ्रीडन. म्हणजे सिगुर्डला मराठीत आणायचं तर सरळ जयपाल म्हणता येईल, आणि झीगफ्रीडमधे जय आणि शांती शेजारी शेजारी बसलेत.

मग सिगुर्डचा खरा जर्मन भाऊ कोण, तर झीगवार्ट. स्वीडनमधे सिगवार्ड, नेदरलँड्सच्या फ्रिशियन भागात शूर्ड, आणि जुन्या इंग्लंडमधे सिवर्ड, १०५५ मधे वारलेला उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा सरदार सिवर्ड हे नाव लावायचा. ही सगळी एका नावाची रूपं. याच गोष्टीतला राजा बघितला की फरक अजून कळतो, नॉर्समधे तो गुन्नर आणि जर्मनमधे गुन्थर, पण इथे मात्र दोन्ही तुकडे तेच आहेत, युद्ध आणि सैन्य, म्हणजे ते खरोखर एकच नाव. गोष्टीतली नायिका ब्रिनहिल्ड आणि ब्रुनहिल्डचंही तसंच, चिलखत आणि लढाई.

एक सांभाळायला हवं, या दोन तुकड्यांचं वाक्य करून अर्थ लावत बसायचं नाही. "विजयातून शांती आणणारा" वगैरे जे लिहिलेलं असतं ते नंतरच्यांनी रचलेलं. फ्रँक लोकांची एक राणी होती फ्रेडेगुंड, ५९७ मधे वारली, तिच्या नावाचा अर्थ शांती अधिक युद्ध, आता याचं काय वाक्य करणार? आईबापाच्या, आजोबांच्या नावातला एखादा तुकडा पोराच्या नावात यावा ही खरी हौस होती. सिगुर्डच्याच घराण्यात सिगी, सिग्मुंड, सिग्नी असे सगळे सिगवालेच भरलेत. सिग्मंड फ्रॉइडचं नावही यातलंच, त्यातलं मुंड म्हणजे हात, रक्षण.

आता माझा सगळ्यात आवडता गोंधळ. सिग्रिड हे मुलीचं नाव झीगफ्रीडचं स्त्रीलिंगी रूप आहे असं बरेच जण धरून चालतात. नाहीये. जुन्या नॉर्समधे ऱ्हस्व इ चं फ्रिद म्हणजे शांती आणि दीर्घ ई चं फ्रीद म्हणजे सुंदर, अगदी आपल्या दिन आणि दीनसारखं. सिग्रिडमधे दीर्घवालं आहे. अॅस्ट्रिड आणि इंग्रिडमधेही तेच, दैवी सौंदर्य आणि इंग देवाचं सौंदर्य.

हे सगळं एकाच जागी बघायचं असेल तर स्वीडनमधे एस्किलस्टुनाजवळ राम्सुंड नावाच्या जागी एक खडक आहे, अकराव्या शतकातला. त्यावर ड्रॅगनचं लांबलचक अंग कोरलंय आणि त्या अंगावरच रुन या जुन्या जर्मानिक लिपीतला मजकूर. खालून सिगुर्ड ड्रॅगनच्या पोटात तलवार खुपसतोय, आतल्या बाजूला तोच ड्रॅगनचं काळीज भाजताना भाजलेला अंगठा तोंडात घालून बसलाय, झाडावर पक्षी आहेत, झाडाला घोडा बांधलाय आणि मुंडकं उडालेला लोहार त्याच्या हत्यारांशेजारी पडलाय. आणि मजकूर सांगतो की सिग्रिडने सिगरडचा बाप होल्मगेर याच्या आत्म्यासाठी हा (खडकाजवळचा) पूल बांधला. सिगरड म्हणजे झीगफ्रीडचं खरं नॉर्स रूप, मूळचं सिगफ्रिद, त्यातला फ गळलेला! म्हणजे चित्रात सिगुर्ड, अक्षरांत सिग्रिड आणि सिगरड, तिन्ही वेगळी नावं एका दगडावर.

तो अंगठा महत्त्वाचा आहे, कारण रक्त जिभेला लागल्यावर सिगुर्डला पक्ष्यांची भाषा कळायला लागते. निबेलुंगनलीडमधला झीगफ्रीड रक्तात अंघोळ करतो आणि त्याची कातडी अभेद्य होते, फक्त खांद्यांच्या मधे लिंडन झाडाचं पान चिकटलेली जागा सोडून. मग गोंधळ एवढा का पसरला, तर मोठं कारण जर्मन ऑपेरा-संगीतकार वाग्नर. त्याने गोष्ट बरीचशी नॉर्सकडून घेतली, रक्त चाखणं, पक्ष्याचं बोलणं सगळं, पण हिरोला नाव जर्मन ठेवलं, आणि १८७६ मधे जर्मनीतल्या बायरॉइटला झीगफ्रीड हा ऑपेरा स्टेजवर आला.

त्या ऑपेराचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. इंग्लिश युद्धकवी सीगफ्रीड ससून, जन्म १८८६, त्याच्या आईला वाग्नर फार आवडायचा म्हणून हे नाव. आणि आडनावाचा ससून तोच, मुंबईचा ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, डेव्हिड ससूनचा हा पणतू. पहिल्या महायुद्धात हे जर्मन नाव घेऊन तो जर्मनांविरुद्ध खंदकात लढला.

आइसलँडमधे सिगुर्ड आजही सिगुर्दुर म्हणून घरोघरी आहे आणि त्याला लाडाने सिग्गी म्हणतात. जर्मनीत झीगफ्रीडचं लाडकं नाव झिग्गी, लिहितात दोन्ही सारखंच. लाडात नेमका तो दुसरा तुकडाच गळतो, त्यामुळे नुसतं तेवढं लिहिलेलं दिसलं तर पूर्ण नाव विचारल्याशिवाय राखणदार की शांती हे सांगता येत नाही.