भेगा भरणं की सीलकोट मारणं? हिवाळ्याआधी डांबरी ड्राइव्हवेला काय हवं

थंडी तोंडावर आली की डांबरी ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापर्यंत गाडी आणायच्या रस्त्याच्या, दोन कामांची नावं एका दमात घेतली जातात: भेगा भरणं आणि सीलकोट मारणं, म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर पातळ लेप देणं. दोन्हींचं साहित्य काळंच, आणि दोन्ही कशासाठी म्हटलं तर उत्तरही एकच मिळतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. मग सीलकोट मारला म्हणजे भेगांचंही काम झालं, असं समजून बरेच जण मोकळे होतात. ड्राइव्हवे काळाभोर, नव्यासारखा दिसतो, आणि हिवाळा सरताना त्याच जुन्या भेगा दुप्पट रुंद होऊन वर येतात.

थंडीत खरं नुकसान होतं ते भेगेत. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं. रात्री भेगेतलं पाणी गोठून कडा रेटतं, दुपारी वितळून आणखी खोल उतरतं, रात्री पुन्हा गोठतं. खडीच्या थरापर्यंत पोचलं की गोठताना ते वरचं डांबर उचलतं. पुढे वितळल्यावर तो थर मऊ पडतो, आणि त्यावरून गाडीचं चाक गेलं की वरचा भाग खचतो. म्हणून सतत गोठलेल्या कडक हिवाळ्यापेक्षा शून्याच्या वर-खाली हिंदकळणारी हवा डांबराला जास्त छळते. बर्फावर टाकलेलं मीठ डांबराला थेट फारसं खात नाही, पण बर्फ वितळवून हे चक्र वाढवतं.

यावर उपाय भेगा भरण्याचाच. थंडीत डांबर आकसतं आणि भेग आणखी उघडते, त्यामुळे भरणाला ताणलं जाता आलं पाहिजे. चांगल्या भरणात रबर असतं ते याचसाठी. डब्यातून थेट ओतायचं थंड भरण घरच्या घरी जमतं; तापवून ओतायचं भरण जास्त टिकतं, पण ते चांगलंच उकळतं असतं, तिथे जाणकार माणूस असलेला बरा. भरण्यापेक्षा जास्त वेळ सफाईत जायला हवा: गवत मुळासकट उपटायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, धूळ फुंकून काढायची, भेग आतून कोरडी होऊ द्यायची. ओल्या किंवा धुळीच्या कडेला भरण चिकटत नाही, पट्टीसारखं अख्खं निघून येतं. भेग खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवायची, म्हणजे भरण खाली गडप होत नाही. वरची पातळी पृष्ठभागाच्या किंचित खालीच ठेवावी. फुगवटा राहिला तर बर्फ ओढायच्या फावड्याची धार नेमकी तिथे अडकते.

सीलकोटचं काम वेगळं. तो पातळ लेप असतो, स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या दांड्याने) किंवा ब्रशने सगळीकडे पसरायचा. त्याचा मुख्य सामना उन्हाशी आणि सांडलेल्या तेलाशी. उन्हाने आणि हवेने डांबर कडक, ठिसूळ होतं, खडी सुटायला लागते. लेप हे लांबवतो आणि केसाएवढ्या चिरा झाकतो. पण 5-6 मिलिमीटरच्या भेगेवर तो नुसता पडदा. भेग हलली की फाटला. म्हणून क्रम ठरलेला: आधी भरण, ते पुरतं सुकलं की मग लेप. तेलाचे डाग आधी धुवून काढावे लागतात, नाहीतर तिथे लेप धरत नाही. दर वर्षी लेप चढवायची हौस मला तरी पटत नाही. थरावर थर साचले की पापुद्रे सुटतात. दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे. नव्या डांबराला तर आधी काही महिने मुरू द्यावं लागतं.

लेप घेताना तो कोलटारचा (दगडी कोळशापासून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाचा) नाही ना, तेवढं बघावं. त्यातली घातक रसायनं झिजून पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत जातात, म्हणून अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने 2006 मध्ये असे लेप बंद केले. डांबराच्या इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचे, लेप सहज मिळतात.

हवामानाचं गणितही दोघांचं वेगळं. लेपाला साधारण 10 अंश सेल्सिअसच्या वर हवा लागते, रात्रीसुद्धा, आणि एक-दोन दिवस पाऊस नको. त्याआधी गारठा आला तर लेप नीट धरत नाही, मग तो उन्हाळ्यापर्यंत खुशाल थांबवावा. भेगा भरणं मात्र थांबवू नये. ऐन थंडीआधी दोन्हींपैकी एकच होणार असेल तर मी भेगा भरीन आणि राखाडी ड्राइव्हवे तसाच राहू देईन.

कुठे भरायचं ते पाऊसच दाखवतो. पाऊस थांबल्यावर तासाभराने बघा: बाकी डांबर सुकलेलं असतं, पण भेगांच्या कडेने काळ्या ओल्या रेघा उरतात. त्या रेघांची एकमेकींत गुंतलेली जाळी दिसली, तुकडे पायाखाली हलले, तर खालचा थरच गेलाय. तिथे ना भरण उपयोगी, ना लेप. तेवढा चौकोन कापून, खाली खडी नव्याने दाबून, वर ताजं डांबर टाकावं लागतं.